चवडा रुंद, म्हणून नंबर मोठा?

सोलापूर ते पंढरपूर मंगळवेढ्यामार्गे साधारण पाऊणशे किलोमीटर. आमच्या दिंडीत पायांच्या तक्रारी सुरू होतात त्या पहिल्याच दिवशी, तिऱ्ह्याला सीनेच्या पुलाशी. आणि आधाराची चप्पल (तळाला पावलाच्या खाचेखाली उंचवटा असलेली) उतरवून बघितली की बहुतेक वेळा दोष एकच निघतो: चवडा रुंद म्हणून एक नंबर मोठी घेतलेली.

सातची आठ घेतली की लांबी साडेआठ मिलिमीटरने वाढते, रुंदी जेमतेम दोनेकने. करंगळी होती तशीच काठावर घासते. शिवाय आधाराचा उंचवटा पावलाच्या खाचेखाली न राहता पुढे जातो आणि चवड्याला टोचतो. पाऊल आत सरकतं, चप्पल धरून ठेवायला बोटं आवळली जातात, मुक्कामाला पोचेतो पोटऱ्या दगड. चुकीच्या मापाच्या आधाराच्या चपलेपेक्षा साधी सपाट चप्पल बरी, असं आम्ही सरळ सांगतो.

माप संध्याकाळी घ्यावं, दिवसभराच्या चालण्याने पाय फुगलेला असताना. सिद्धेश्वर तलावाला फेरी मारून आलात तर उत्तम. जुन्या कॅलेंडरचा पाठकोरा कागद भिंतीला लावून फरशीवर ठेवा, टाच भिंतीला टेकवा, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहा. पावलाभोवती आखायचं काम दुसऱ्याला द्या. स्वतः वाकलात की भार हलतो. पेन्सिल उभी धरायची. ती आत कलली तर रुंदी तीन-चार मिलिमीटर कमी भरते, आणि घोळ नेमका तिथेच होतो. मग टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत मोजा (काहींचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं) आणि अंगठ्याच्या मुळाच्या हाडापासून करंगळीच्या मुळाच्या हाडापर्यंत. दोन्ही पाय मोजा, मोठा धरा.

तो कागद आखणीवरून कापून सोलापूरच्या नवी पेठेत दुकानात सोबत न्या आणि चपलेच्या तळावर ठेवा. बोटांपुढे सेंटीमीटरभर जागा हवी, टाच खोलगट भागात पूर्ण बसायला हवी, बाजूने कागद कुठेही बाहेर नको. बाहेर आला तर त्याच नंबरात रुंद माप मागा. काही कंपन्या ते अक्षरांत लिहितात: पुरुषांत डी म्हणजे नेहमीचं, टू-ई रुंद, फोर-ई त्याहून रुंद. दुकानदार म्हणेल, पट्टा सैल करा. पट्ट्याने वरची जागा वाढते, तळ रुंद होत नाही.

तरी पट्टा वेल्क्रोचा, पुरता उघडणारा घ्या, मागूनही टाचेला धरणारा. बेगमपूरचा पूल ओलांडून माचणूरला पोचेपर्यंत पाय चांगलेच भरलेले असतात, तेव्हा तो थोडा सैल करता येतो. पाऊस झाला की काळ्या मातीचा लगदा तळाला चिकटून चप्पल जड होते. मागचा पट्टा नसेल तर दर पावलाला टाच सुटते आणि फोड येतो.

नवी चप्पल दिंडी निघायच्या किमान पंधरा दिवस आधी घालायला लागा, सुरुवातीला दोन-दोन किलोमीटरच. मधुमेह असेल, पायाला बधिरपणा असेल, तर अंगठ्यात अडकणारी चप्पल नकोच. प्रत्येक विसाव्याला पाय पुसून तळवे कुणाला तरी दाखवा. बधिर पायाला खडा रुतलेला कळतच नाही.