कासाई, भाग ५: घोळ टाचेत होता

जपानी स्की जंपर नोरियाकी कासाईचा उडी घेतानाचा छोटा पुतळा मी घडवतोय. मागच्या भागात म्हटलं होतं की आपला कासाई उडत नाही, पडतोय. त्यानंतर तीन आठवडे पाठ आडवी करण्यात गेले. मान दोनदा मोडून जोडली. फरक शून्य. (पुतळा घडवायला स्वस्तातली पिवळी-निळी पुट्टी घेऊ नका. दोन रंग जिथे चिकटलेले असतात तिथे ती आधीच कडक झालेली असते, आणि तो भाग कापून टाकण्यातच पैसे जातात.)

शेवटी सोची २०१४ हिवाळी ऑलिम्पिकचे, लार्ज हिलवरचे (मोठ्या टेकडीवरच्या स्पर्धेचे), पाठीमागून घेतलेले फोटो काढून बसलो. बरेच जंपर स्कीच्या वर तरंगतात. नोरियाकी कासाई दोन स्कींच्या मध्ये पालथा पडतो, छाती जवळजवळ त्यांच्याच पातळीत. मी पाठीशी भांडत होतो, आणि अरुंद होता व्ही, म्हणजे हवेत स्कींची पुढची टोकं फाकून होणारा आकार!

व्ही फाकवला, तर दोन्ही स्की कडेवर उभ्या. १:१२ मापात, म्हणजे खऱ्याच्या बाराव्या हिश्शात, सव्वाएकवीस सेंटिमीटरची स्की (खेळाडूच्या उंचीच्या १४५ टक्के, तेव्हाची कमाल मर्यादा) कलली की लगेच डोळ्यांत खुपते. घोटा पिळून पाहिला, बूट तासला, दोन घोटे वाया घालवले. मग लक्षात आलं की टाचेपासून स्कीपर्यंतची पितळी तार मी सरळ ठेवलीय. ती वाकवली आणि स्की सपाट बसली. टाचेला अशीच वाकडी दांडी लावून स्विस जंपर सिमॉन अमान २०१० साली व्हँकुव्हर ऑलिम्पिकला उतरला होता. ऑस्ट्रियाने आक्षेप घेतला, त्याने दोन सुवर्णं नेली. हे सगळं मला तोंडपाठ, तरी स्वतःच्या टेबलावर सुचायला तीन आठवडे लागले.

आता पुतळा १३९ मीटरच्या पहिल्या उडीतला वाटतो. हात अंगापासून सुटे, तळवे उघडे. वय ४१, रौप्य, सुवर्ण जिंकलेल्या पोलंडच्या कामिल स्टोखपेक्षा फक्त १.३ गुण कमी. ते १.३ मला अजून सलतात.

पुढे बर्फाचा तळ करणार होतो, पण लिहिता लिहिता बेत बदलला. शेजारी दुसरा कासाई हवा: डिसेंबर १९८८, साप्पोरो, पहिला वर्ल्ड कप, वय १६, स्की समांतर. त्याला व्ही नाही, त्यामुळे वाकडी तारही नको. टाकून द्यायला काढलेले सरळ तारेचे बूट डब्यातून परत काढलेत.