दोनशे निरोप आणि पाकाची गोळी

कोल्हापुरातल्या एका छोट्या प्रकाशनसंस्थेत मी काम करते. छापून आलेले पुस्तक वाचकांपर्यंत, आणि आता मुख्यतः त्यांच्या मोबाइलपर्यंत, कसे पोहोचेल हे पाहणे ही माझी जबाबदारी आहे. यंदाच्या जानेवारीत, गुऱ्हाळांचा हंगाम भरात असताना, करवीर तालुक्यातले आमचे एक लेखक सकाळीच कचेरीत आले. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. चाळीस वर्षे गुळव्या, म्हणजे पाक पारखून गूळ तयार करणारा कारागीर, म्हणून काम केल्यावर त्यांनी गुऱ्हाळघरावर पुस्तक लिहिले होते. पाचशे प्रती छापल्या होत्या आणि पाच महिन्यांत जेमतेम चाळीस खपल्या होत्या.

“दोनशे लोकास्नी व्हॉट्सॲपवर पाठवलंय, ताई. एकाचंबी उत्तर न्हाई,” असे म्हणून त्यांनी फोन माझ्यापुढे ठेवला. त्या आवाजातला अपमान मला लागला, कारण विक्रीचे काम माझे होते.

मी निरोप उघडून पाहिले. त्यांनी ब्रॉडकास्ट यादी केली होती, आणि अशा यादीतला निरोप ज्यांच्या फोनमध्ये आपला क्रमांक जतन केलेला असतो त्यांनाच मिळतो. आप्पांनी नंबर गोळा केले होते ते लग्नपत्रिकांवरून आणि सोसायटीच्या वहीतून. त्यांतल्या बहुतेकांना निरोप मिळालाच नव्हता. लोकांनी पुस्तक नाकारले नव्हते, त्यांना ते कळलेच नव्हते. हे सांगितल्यावर आप्पा बराच वेळ गप्प बसले.

दुसरी चूक आमच्याकडूनच झाली होती. ऑनलाइन विक्रीच्या पानावर पुस्तकाचे नाव केवळ रोमन लिपीत आणि तेही चुकीच्या स्पेलिंगने चढवलेले होते. वर्णनाचा मजकूर युनिकोडपूर्वीच्या, म्हणजे दुसऱ्या यंत्रावर नीट न उमटणाऱ्या जुन्या पद्धतीच्या, फाँटमधून तसाच चिकटवल्यामुळे तिथे अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसत होती. ‘गुऱ्हाळ’ असे मराठीत लिहून शोधणाऱ्याला हे पुस्तक सापडणे शक्यच नव्हते. मराठी पुस्तकांच्या बाबतीत हे इतक्या वेळा घडते की, प्रत्येक लेखकाने स्वतःच्या पुस्तकाचे नाव एकदा तरी देवनागरीत शोधून पाहावे, असे मी आग्रहाने सांगते. तासाभरात मी नाव दोन्ही लिप्यांत केले आणि वर्णन युनिकोडमध्ये नव्याने लिहायला घेतले.

जुन्या वर्णनात १८९५ मध्ये वसलेली शाहूपुरीची बाजारपेठ होती आणि कोल्हापुरी गुळाला मिळालेले भौगोलिक मानांकनही होते. ही माहिती खरी असली तरी ती कुठेही मिळते. आप्पांच्या पुस्तकातच मिळेल असे काय आहे, हे मी त्यांना विचारले. त्यांनी थेट उत्तर दिले नाही. टेबलावरचा पाण्याचा पेला जवळ ओढला आणि दोन बोटे पाण्यात बुडवून अंगठ्याने काहीतरी वळल्यासारखे करत ते बोलू लागले. उकळत्या पाकातला थेंब गार पाण्यात सोडायचा, त्याची गोळी वळायची आणि ती काहिलीच्या, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईच्या, काठावर मारायची. ठण्ण आवाज आला की आदण, म्हणजे काहिलीतला तयार पाक, उतरवायचे. आवाज बद्द आला तर पाक अजून कच्चा आहे, आणि उशीर झाला तर गूळ काळा पडतो.

मी त्यांना तिथेच थांबवले आणि हेच पुन्हा, पेल्यासकट, माझ्या फोनसमोर सांगायला लावले. दीड मिनिटाचा व्हिडिओ झाला. त्यात ‘अवश्य खरेदी करा’ हे वाक्य नव्हते. खाली पुस्तकातला त्याच प्रसंगाचा परिच्छेद आणि मागणीसाठीचा दुवा एवढेच दिले. तो आम्ही यूट्यूबवर आणि फेसबुकवर टाकला. शेती आणि स्थानिक इतिहासाच्या तीन गटांत, चालकांची परवानगी घेऊन, पाठवला. चाळीस गटांत जाहिरात टाकून काढून टाकले जाण्यापेक्षा तीन गटांत बोलावून घेतलेले बरे, हे माझे जुने मत आहे.

संध्याकाळी साडेपाचपर्यंत सतरा मागण्या आल्या होत्या. संख्या मोठी नव्हती, पण पाच महिन्यांत चाळीस प्रती खपलेल्या पुस्तकासाठी ती थोडी नव्हती. तेवढ्यात इचलकरंजीहून एका बाईंचा फोन आला. त्यांचे वडील जळव्या होते. चुलाणाच्या तोंडाशी बसून चिपाडे घालण्यात त्यांचा जन्म गेला होता. “पुस्तकात जळव्याबद्दल काय हाय का वो?” एवढेच त्यांनी विचारले. आप्पांनी पान काढले आणि सबंध दीड पान फोनवर वाचून दाखवले. वाचन संपल्यावर बाई म्हणाल्या की, आवाज ऐकायच्या आधीच त्यांचे वडील पाकाच्या बुडबुड्यांवरून जाळ कमी करायचे, गुळव्याने सांगायची वाट पाहायचे नाहीत.

आप्पांनी माझ्याकडे पेन मागितले, समासात ते लिहून घेतले आणि बाईंना त्यांच्या वडिलांचे नाव विचारले. बाईंनी तीन प्रती मागितल्या. मी वजन करून पाहिले तर एक प्रत ३०० ग्रॅमच्या आत बसत होती, म्हणजे ज्ञानपोस्टाच्या, टपाल खात्याच्या पुस्तकांसाठीच्या सेवेच्या, २० रुपयांच्या मूळ दरात एकेक जाऊ शकत होती. त्या संध्याकाळी सगळे पत्ते आप्पांनी स्वतःच्या हाताने लिहिले.