गोड म्हणून खा

आज काकांच्या वर्षश्राद्धासाठी मावशींना घेऊन रामकुंडावर गेलो होतो. मी देव मानत नाही हे त्यांना ठाऊक आहे. तरीही त्यांनी मलाच सोबत बोलावले, आणि ओल्या पायरीवर त्यांचा हात धरून उभे राहताना मला त्यात काहीच विसंगत वाटले नाही. शेजारच्या एका गृहस्थांनी मात्र, "मानत नाही, तर येता कशाला?" असे विचारले, ते लागले. आमच्यातलेही काही जण श्रद्धाळूंना सर्रास अडाणी म्हणतात, तेही असेच लागते.

परतताना मावशी काळाराम मंदिरात दर्शनाला गेल्या. ज्या मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, त्याच्या दाराबाहेर मी स्वेच्छेने थांबलो होतो. बाहेर येताच मावशींनी माझ्या तळहातावर पेढा ठेवला आणि म्हणाल्या, "प्रसाद म्हणून नको, गोड म्हणून खा."