आमची वाटचाल : हीटची वही आणि जँगो

बेळगावच्या टिळकवाडीत दोन खोल्या घेऊन वेबसाइटची कामं सुरू केली, तेव्हा सगळं पीएचपी या वेबसाइटच्या भाषेत हाताने लिहून चालायचं. दर गिऱ्हाइकाला लॉगिन नवं, फॉर्म नवे आणि चुकाही नव्या. शेवटी जँगोकडे, म्हणजे लॉगिन, फॉर्म असे नेहमीचे भाग तयार देणाऱ्या सांगाड्याकडे (फ्रेमवर्ककडे) वळायचं ठरवलं. २००५ साली खुलं झालेलं हे फ्रेमवर्क अमेरिकेत कॅन्ससमधल्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत घडलं. बातमी आज तर पानही आजच, अशी तिथली निकड. ती आम्हाला लगेच पटली.

पण जँगो कसं चालतं ते नव्या पोरांना आणि गिऱ्हाइकांना दाखवायचं कुठल्या नमुन्यातून? आधी झुलिप हे गटात गप्पा मारायचं ॲप निवडलं. जँगोवर उभं, मुक्त स्रोत, नावाजलेलं. नव्या पोरांना कोड वाचायला दिला, तर आठवडाभराने ती पहिली फाइल कोणती उघडायची तिथेच अडलेली. मग अगदी छोटं, कामांची यादी ठेवणारं ॲप घेतलं. पोरांना ते दोन दिवसांत कळलं. उद्यमबागेत धातू ओतायचा कारखाना (फाउंड्री) असलेल्या एका काकांना दाखवलं, तर ते म्हणाले, "चांगलं आहे रे, पण माझ्या हीटची नोंद कुठं करू?"

तिथेच निवड झाली. भट्टीतून एका वेळी निघालेल्या धातूला एक हीट नंबर मिळतो. त्यातून कुठल्या पॅटर्नचे (साच्याच्या नमुन्याचे) किती नग ओतले, वजन किती, ब्लो होलमुळे (आत हवा अडकून पडलेल्या भोकांमुळे) किती गेले, हे सगळं वहीत असतं. महिन्याने तडा गेलेला नग परत आला की ती वही शोधत बसायचं. आम्ही त्या वहीचाच प्रकल्प केला आणि जँगोसारखाच बीएसडी परवाना देऊन खुला ठेवला. कारखान्यातल्या कुणी त्यात बदल केला, तर आम्हाला विचारायची गरज नाही.

दाखवायच्या दिवशी मी नमुन्याची एक हीट पुसली आणि तिच्याखालचे सगळे नग गेले. काका गप्पच झाले. आमच्याकडच्या चिकोडीच्या मुलीने हीट आणि नग जोडताना 'कॅस्केड' (वरचं पुसलं की खालचंही पुसायचं) लिहिलं होतं, आणि तपासायचं मीही विसरलो होतो. तिने त्या जागी 'प्रोटेक्ट' लिहिलं. आता एकही नग जोडलेला असेल, तर जँगो हीट पुसूच देत नाही. काका म्हणाले, "म्हणजे वहीचं पान फाडता येणार नाही." फ्रेमवर्कबद्दल आम्ही तासभर जे सांगत होतो, ते त्यांना त्या एका शब्दाने पटलं.

भाषांचं काम मला सगळ्यात जवळचं वाटतं. मोल्डिंगला मराठी वाचणारे, डिस्पॅचला कन्नड वाचणारे, ऑडिटला इंग्रजी लागतं. कोड एकच, प्रत्येक भाषेची पीओ फाइल, म्हणजे भाषांतराची फाइल, वेगळी. मराठीत मी 'ओतीव नग' लिहिलं होतं. फोरमननी ते खोडून 'कास्टिंग' करायला लावलं, आणि ते बरोबरच होतं. कन्नड फाइल डिस्पॅचमधले एक अण्णा रोज जेवणाच्या सुट्टीत तपासतात. सध्या ते रिजेक्शनच्या कारणांपर्यंत आलेत.