फ्लास्कमध्ये होतंय, मग नळी कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून. उजेडावर चालणारी रिअ‍ॅक्शन फ्लास्कशेजारी निळा एलईडी लावला की होते, मग बारीक नळी गुंडाळून पंपाने द्रावण ढकलायचा खटाटोप कशाला? हा प्रश्न इतक्यांदा येतो, की एकदाचं लिहूनच ठेवते.

उजेड आत शिरत नाही, म्हणून. रुथेनियम-बायपिरिडीन या उजेड शोषणाऱ्या कॅटॅलिस्टचं 1 मिलिमोलर द्रावण 450 नॅनोमीटरचा 90 टक्के उजेड पहिल्या पाऊण मिलिमीटरमध्येच गिळतं. लिटरच्या फ्लास्कमध्ये बाकी सगळं काळोखात ढवळत राहतं. एफईपी या पारदर्शक प्लास्टिकच्या नळीचं भोक 0.76 मिलिमीटर, म्हणजे उजेड सगळ्या द्रावणापर्यंत पोचतो. 10 मिलिलिटरसाठी अशी 22 मीटर नळी लागते. मिनिटाला अर्धा मिलिलिटर सोडलं, की द्रावणाचा नळीतला मुक्काम 20 मिनिटांचा.

‘नळीत रिअ‍ॅक्शन जलद होते’ असं मीही सांगत आले. ते अर्धंच खरं. नळी फोटॉन, म्हणजे उजेडाचे कण, तयार करत नाही. 450 नॅनोमीटरच्या एक मोल फोटॉनांत 266 किलोज्यूल असतात. 20 वॅट उजेड पूर्ण पकडला तरी तासाला 0.27 मोलच. क्वांटम यील्ड, म्हणजे शोषलेल्या दर फोटॉनमागे तयार होणारे रेणू, 0.1 असेल तर माल 27 मिलिमोल, भांडं कुठलंही घ्या. ब्रिस्टल विद्यापीठाच्या केव्हिन बुकर-मिलबर्न यांच्या गटाने 2005 मध्ये दिव्याभोवती एफईपी नळी गुंडाळून 24 तासांत 500 ग्रॅमहून जास्त माल काढून दाखवला. त्यांनीच 2014 मध्ये फ्लास्क आणि नळी शेजारी ठेवून तपासलं, तर यील्ड, म्हणजे मिळालेल्या मालाची टक्केवारी, बहुतेक सारखाच. हे मला मान्य आहे.

पण खरा छळ वेगळाच, आणि तो कुणी विचारत नाही. पहिले दोन तास सगळं छान चालतं, मग कन्व्हर्जन, म्हणजे कच्च्या मालापैकी किती बदलला ते प्रमाण, हळूहळू उतरतं. दिवा ठीक, पंप ठीक, दाबही जागेवर. नळी सोडून बघावी तर प्रत्येक वेढ्याची दिव्याकडची बाजू तपकिरी, बाहेरची स्वच्छ. अशा बारीक नळीत प्रवाह संथ, थराथराने जातो. भिंतीलगतचा थर जवळपास थांबलेला असतो आणि उजेडही त्यालाच सगळ्यात जास्त मिळतो. तिथलं प्रॉडक्ट पुन्हा पुन्हा भाजून निघतं आणि डिंकासारखं चिकटतं. कन्व्हर्जन घसरलं की हात आपोआप प्रवाह कमी करायला जातो. तेच करू नका! प्रवाह निम्मा केला की भिंतीचा थर दुप्पट वेळ तिथेच राहतो आणि पापुद्रा आणखी जाड होतो. उलट प्रवाह वाढवा, दिवा मंद करा, द्रावण पातळ करा, किंवा मधे मधे नायट्रोजनचे बुडबुडे सोडा: दोन बुडबुड्यांमधलं द्रव आतल्या आत फिरत राहतं आणि भिंत धुतली जाते. चिकटलेलं डीएमएफ या सॉल्व्हेंटने सुटलं तर ठीक, नाहीतर नळी बदला.

सुरुवातीचं तीन नळीभर द्रावण टाकून द्या, त्याआधीचे आकडे धरू नका. ऑक्सिजन नको असेल तर द्रावणातून आर्गॉन सोडणं पुरेसं नाही, एफईपीच्या भिंतीतून तो झिरपतो. आणि बेस म्हणून पोटॅशियम कार्बोनेटची न विरघळलेली पूड असेल, तर नळी तुंबते, तेव्हा मीसुद्धा फ्लास्कच घेते.