ध्येय झेपेल की नाही, हे आधी कसं कळायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. शब्द दरवेळी वेगळे असले तरी प्रश्न एकच असतो: ध्येय ठरवताना ते आपल्याला झेपेल का, हे आधीच कसं ओळखायचं? नुकतीच नोकरीला लागलेली मुलं विचारतात, चाळिशीतल्या मैत्रिणी विचारतात, निवृत्तीला आलेल्या सहकाऱ्यांनीही विचारलं आहे. उभ्या उभ्या दिलेलं उत्तर अर्धवट राहतं, म्हणून आज सविस्तर.

"वास्तववादी राहा" असं सांगितलं की बहुतेकांना "अंथरूण पाहून पाय पसर" एवढंच ऐकू येतं. मग ते मुकाट्याने ध्येय छाटून लहान करतात. मला हे पटत नाही. ध्येय किती मोठं आहे यावरून ते झेपणारं आहे का, हे ठरत नाही. त्यासाठी लागणारे तास तुम्ही आठवड्यातून नेमके कुठून काढणार आहात, यावरून ठरतं.

अवघड ध्येयाचं वावडं असू नये, याला आधार आहे. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या मानसशास्त्रज्ञांनी या विषयावर अनेक दशकं काम केलं. "जमेल तेवढं करा" असं सांगण्यापेक्षा नेमकं आणि कठीण लक्ष्य दिलं तर माणसं जास्त करून दाखवतात, हे त्यांना पुन्हा पुन्हा दिसलं. लॅथम यांचा १९७५ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला फार आवडतो. लाकडाचे ओंडके वाहणारे ट्रकचालक कायद्याने नेता येईल त्या वजनाच्या साधारण ६० टक्केच माल भरत होते. "जास्तीत जास्त भरा" हे सांगून झालं होतं. मग त्यांना ९४ टक्क्यांचं लक्ष्य दिलं. त्यासाठी जादा पैसे दिले नाहीत. काही महिन्यांत भरणा ९० टक्क्यांच्या वर गेला.

ही गोष्ट प्रेरणादायी म्हणून सांगितली जाते आणि ती आहेही. पण त्यातली एक बाब सहसा सुटते: ट्रकमध्ये जागा होती. चाळीस टक्के रिकामी जागा होती आणि काम चालकांच्या हातातलं, रोजचं होतं. तुमच्या आठवड्यात तेवढी जागा आहे का, हे कुणी बघितलेलं नसतं.

एक तरुण सहकारी तिच्या वर्षभराच्या ध्येयांचा कागद घेऊन आली होती. नोकरीतली ध्येयं निळ्या शाईत, घरची हिरव्या. बढतीसाठीची परीक्षा, डेटा विश्लेषणाचा कोर्स, आठवड्यातून चार वेळा पळणं, महिन्याला दोन पुस्तकं, आईसाठी रोज थोडा वेळ. एकही गोष्ट अवाजवी नव्हती. मी तिला फक्त गेल्या आठवड्याचा हिशोब मांडायला सांगितला. आठवडा कसा असावा ते लिहायचं नाही, झाला तसा लिहायचा. एकूण तास १६८. झोप ४९. नोकरी आणि जाणं-येणं ५५. स्वयंपाक, जेवणखाण, आंघोळ, कपडे, सामान असं मिळून २८. मुलाचा अभ्यास, त्याची आजारपणं, आल्यागेल्याचं बघणं, २०. उरले १६. त्यातले रात्री दहानंतरचे तास तिनेच खोडले, कारण त्या वेळी पुस्तक उघडलं तरी डोक्यात काही शिरत नाही. राहिले सात. कागदावरच्या ध्येयांना लागत होते चोवीस.

शाई दोन रंगांची होती, तास मात्र तेच. कामाची ध्येयं एका वहीत आणि घरची दुसऱ्या वहीत लिहिण्याला माझा विरोध आहे तो यासाठीच. दोन्ही याद्या स्वतंत्रपणे वाचल्या तर शहाण्यासारख्या वाटतात.

मग आम्ही बसून काय केलं? आईसाठीचा वेळ ध्येयांच्या यादीतून काढून झोपेच्या शेजारी लिहिला, म्हणजे तो आधीच वजा होईल. कोर्स कार्यालयाच्याच उपयोगाचा होता, म्हणून तिने वरिष्ठांकडे आठवड्यातले तीन तास कामाच्या वेळेत मागितले आणि तिला ते मिळाले. बरेच जण हे मागतच नाहीत. पळण्याच्या जागी जाता-येताना चालणं आलं. परीक्षा तीच राहिली, तारीख सहा महिने पुढे गेली. पुस्तकांची ओळ तिने खोडली.

तारीख पुढे ढकलायला लोकांना कमीपणा वाटतो. खरं तर आपण सगळेच पहिली तारीख फार जवळची धरतो. डॅनियल कानेमन आणि आमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या सवयीला नाव दिलं, नियोजनाचा भ्रम. पुढे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं होतं, तुमचा प्रबंध पुरा व्हायला किती दिवस लागतील? सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. सगळं बिघडत गेलं तर? ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. म्हणजे वाईटात वाईट धरलेला अंदाजसुद्धा कमीच पडला. याचं कारण आळस नव्हे. अंदाज बांधताना आपण पुढच्या कामाचे टप्पे डोळ्यांसमोर आणतो, मागच्या वेळी तसल्याच कामाला किती दिवस लागले होते ते आठवत नाही. मी सरसकट दीडपट धरायला सांगते, काम अगदी नवीन असेल तर दुप्पट.

कार्यालयात ध्येयं लिहिण्यासाठी 'स्मार्ट'चे निकष देतात: इंग्रजी SMART या पाच अक्षरांवरून ध्येय नेमकं, मोजता येणारं, कुणाकडे तरी सोपवलेलं, वास्तववादी आणि मुदतीचं असावं. जॉर्ज डोरन यांनी ते १९८१ साली मांडले, आणि प्रत्येक उद्दिष्टात पाचही निकष बसलेच पाहिजेत असं नाही, हे तेव्हाच लिहून ठेवलं. ते वापरा, पण फॉर्म भरला म्हणजे तास निघाले असं समजू नका.

सवयींबद्दल एक सांगायलाच हवं, कारण तिथे माणसं स्वतःवर फार अन्याय करतात. एकवीस दिवसांत सवय लागते असं कुणीतरी सांगितलेलं असतं आणि बाविसाव्या दिवशी कंटाळा आला की ती स्वतःला दोष देतात. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या संशोधकांनी हे मोजून बघितलं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कृती आपोआप व्हायला लागण्यासाठी मधला कालावधी (निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त) ६६ दिवसांचा आला, आणि माणसामाणसांत १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक होता. मधला एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. हे वाचल्यावर मला मनापासून बरं वाटलं होतं, आणि ज्यांना सांगितलं त्यांचेही चेहरे सैल झालेले मी पाहिले आहेत.

याला जोडून हमखास येणारा प्रश्न म्हणजे, मग ध्येय सोडायचं कधी? माझा क्रम ठरलेला आहे. आधी तारीख हलवा. तेवढ्याने भागलं नाही तर कामाचा आवाका कमी करा, म्हणजे परीक्षेच्या दोन पेपरांऐवजी एकच पेपर. ठरवलेले तास खरोखर देऊनही काम पुढे सरकत नसेल, तर ते करून झालेल्या एखाद्या माणसाला तुमची पद्धत दाखवा. तिथे ताकद कमी पडत नसते, रीत चुकलेली असते. आणि तीन महिने तास दिलेच गेले नसतील, दिवस मोकळे असूनही, तर ते ध्येय कुणाच्या सांगण्यावरून लिहिलं होतं ते बघा. पुष्कळदा ते दुसऱ्याचं निघतं. ते सोडायला कुणाची परवानगी लागत नाही.

पुढच्या वेळी कागद घेऊन याल तेव्हा गेल्या आठवड्याच्या १६८ तासांचा हिशोब सोबत आणा. मी आधी तोच वाचेन.