उकिडवे बसता येणारे पाऊल

डिझाइनच्या अभ्यासक्रमांत समानुभूतीचा, म्हणजे दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहण्याचा, पाठ बहुधा विद्यार्थ्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून किंवा त्यांना तासभर चाकाच्या खुर्चीत बसवून दिला जातो. मला ही पद्धत फारशी पटत नाही. तेवढ्या वेळात अंधत्वाची भीती तेवढी कळते. वर्षानुवर्षे न दिसता वावरणाऱ्या माणसाने कमावलेल्या युक्त्या कळत नाहीत, आणि डिझाइनच्या कामी येतात त्या युक्त्याच. (अमेरिकेच्या डिझायनर पॅट्रिशिया मूर १९७९ पासून सुमारे तीन वर्षे वृद्धेच्या वेशात शहरोशहरी हिंडल्या, पण तेवढी चिकाटी कोणत्या कार्यशाळेत असते?)

म्हणून मला जयपूर फूट या कृत्रिम पायाचे उदाहरण अधिक मोलाचे वाटते. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयातील अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या लक्षात आले, की पाय गमावलेले रुग्ण पाश्चात्त्य धाटणीचा कृत्रिम पाय काही दिवसांत बाजूला ठेवतात आणि पुन्हा कुबड्यांवर येतात. रुग्णांनाच सवय करून घेता येत नाही, असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. सेठींनी मात्र दोष त्या पायात शोधला. त्याचे पाऊल ताठ होते आणि त्यावर बूट चढवला जाणार हे गृहीत धरलेले होते. बूट घालून देवळात जाता येत नाही, पाणी साचलेल्या शेतात राबता येत नाही. आणि घोटा वाकत नसेल तर उकिडवे बसणे किंवा जमिनीवर मांडी घालून जेवणेही अशक्य होते.

यावरचा तोडगा सेठींना एकट्याने सापडला नाही. रामचंद्र शर्मा या कारागिराच्या हातांना साहित्याची जाण होती, आणि १९६८ च्या सुमारास दोघांच्या खटपटीतून व्हल्कनाइज्ड (गंधकासह तापवून टिकाऊ केलेल्या) रबराच्या आवरणाचे, अनवाणी वापरता येईल असे लवचीक पाऊल आकाराला आले. त्याला खऱ्या पावलासारखा रंग आणि बोटेही दिली होती, कारण चारचौघांत ते उठून न दिसणे ही रुग्णाच्या दृष्टीने केवळ शोभेची बाब नव्हती.

या कामासाठी सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परंतु मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते पुढचे पाऊल: १९७५ मध्ये डी. आर. मेहता यांनी स्थापन केलेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने हे पाय विनामूल्य बसवून द्यायला सुरुवात केली आणि दूरवरून येणाऱ्या रुग्णाच्या राहण्या-जेवणाची सोयही केली, कारण ज्याचे पोट रोजंदारीवर आहे त्याला मापे देण्यासाठी वारंवार शहरात खेपा घालणे परवडत नाही.